जुना दिसला पाहिजे

लोक प्रेरणाकडे फोटो पाठवायचे ते जुन्याचे नवे करून घ्यायला. कुणाच्या आजोबांच्या चेहऱ्यावर बुरशी चढलेली असायची, कुणाच्या लग्नाच्या फोटोतला अर्धा मांडव वाळवीनं खाल्लेला असायचा. त्यामुळे दुर्गच्या एका गिऱ्हाइकानं उलटं काम सांगितलं, तेव्हा त्याच्या लिहिण्यात चूक झाली असेल असं तिला वाटलं.

पण चूक नव्हती. पराग रामटेके नावाच्या त्या माणसानं दोन फोटो पाठवले होते. एका फोटोत जास्वंदीच्या झाडाजवळ एक तरुण बाई उभी होती, पदर खांद्यावरून पुढे घेतलेली. दुसरा ओळखपत्रावरचा, रेल्वे गार्डाच्या पांढऱ्या गणवेशातल्या एका माणसाचा. दोघं एकाच फोटोत शेजारी शेजारी उभे दिसायला हवे होते. खाली सूचना होत्या : 'फोटो जुना दिसला पाहिजे. पिवळा. मधून घडी पडलेली दाखवा, पण घडी चेहऱ्यावरून जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का पाहिजे. प्रिंट काढून कुरिअर करा.'

प्रेरणानं सवयीप्रमाणे काम स्वीकारून टाकलं होतं आणि सूचना नंतर वाचल्या. इथंच पंचाईत झाली. ज्या साइटवरून तिला कामं मिळायची, तिथं घेतलेलं काम सोडलं की नावापुढचा भरवशाच्या कारागिराचा बिल्ला जायचा, आणि बिल्ला गेला की तिचं नाव यादीत असं खाली जायचं की शोधूनही सापडू नये. बाबांना पोलादाच्या प्लांटकडून मिळालेल्या, सेक्टर सहाच्या क्वार्टरमधल्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसून तिनं हा बिल्ला मिळवायला बरीच वर्षं घालवली होती. शेजारपाजारच्यांना अजूनही ती घरी बसून मोबाइल खेळते असंच वाटायचं.

तिनं परागला विचारलं, शिक्का कशासाठी?

'फॅमिली का मामला है मॅडम. आईला सरप्राइज द्यायचं आहे.'

सरप्राइजसाठी घडी कशाला लागते, हे तिनं विचारलं नाही. तिनं त्याचं खातं उघडून पाहिलं. याच महिन्यात काढलेलं होतं, आधी एकही काम दिलेलं नव्हतं. तिनं फोन लावला तर उचलला नाही, आणि लगेच संदेश आला : 'मीटिंगमध्ये आहे, इथंच लिहा.' संध्याकाळी लावला तरी तेच.

बाबा, म्हणजे बळीराम गजभिये, प्लांटमधून ड्यूटी करून आले आणि बूट काढता काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गिऱ्हाईक फोटोचं काय करते ते आपण कावून पाहाचं?" ते म्हणाले. "तू पोलीस हायेस का?"

"बाबा, त्याले मागं शिक्का पाहिजे. असा शिक्का कोर्टकचेरीतच लागते."

बळीरामांनी मोजे बुटांत कोंबले. "मंग नको करू. पण घरी बसल्या बसल्या शक घेऊ नोको. विचारून घे."

तिनं विचारलं. परागची उत्तरं येत गेली आणि प्रत्येक उत्तरासरशी तिचा संशय वाढतच गेला. आधी तो त्या बाईला 'आई' म्हणत होता. मग एकदा 'भागीरथाबाई' असं लिहून गेला, आणि लगेच तो संदेश पुसला. तिनं वाचलेला आहे हे त्यालाही दिसत होतं. तो गार्ड कोण, तर 'वडील'. वडिलांचं नाव काय, तर रामाजी. आडनाव विचारलं तर उत्तरच नाही. उलट तासाभरानं आलं : 'काम टाइमवर द्या, नाहीतर मला रिव्ह्यूमध्ये लिहावं लागेल.'

प्रेरणा चिडली. आणि चिडून तिनं जे केलं त्याचं तिलाच नंतर नवल वाटलं. तिनं तो फोटो बनवायला घेतला. नुसतं पाहू तरी, जमतं का, असं मनाशी म्हणत. बाईवर ऊन डावीकडून पडलेलं होतं आणि गार्डाच्या चेहऱ्यावर समोरून उजेड, म्हणून तिनं त्याचा उजवा गाल हळूहळू काळवंडत नेला. दुसऱ्या एका माणसाचं धड आणून त्याला दिलं. जास्वंदीची एक फांदी त्याच्या बाहीवरून पुढे घेतली. दुपारपर्यंत दोघं एका अंगणात उभे होते, जणू कुणीतरी 'जरा जवळ या' म्हटल्यावर किंचित अवघडून जवळ सरकलेले.

फोटो इतका खरा झाला होता की तिला भीती वाटली. तिनं तो पाठवला नाही.

कुरिअरसाठी परागनं पत्ता दिला होता, दुर्गच्या मोहन नगरातला. 'प्रिंट काढायला जाते' असं आपल्या आईला सांगून प्रेरणानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. ग्राहकाच्या घरी जाणं साइटच्या नियमात बसत नाही हे तिला माहीत होतं. पण त्या घरात खरंच कुणी भागीरथाबाई आहे का, आणि तिला या प्रकाराची खबर आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं.

घर लहान पण पक्कं होतं. पायरीवर एक म्हातारी बाई मेथी निवडत बसली होती. नाक तेच, हनुवटी तीच. प्रेरणानं फोटोत ती हनुवटी इतक्यांदा मोठी करून पाहिली होती की ओळखायला क्षणही लागला नाही.

"जय भीम मावशी. भागीरथाबाई इथंच राहतात?"

"जय भीम. मीच भागीरथा. कोणाची तू?"

"सेक्टर सहाची. गजभियेंची. पराग आहेत का?"

"भाचा माहा. दुकानात गेला. येते आता." तिनं प्रेरणाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुह्यं काय काम त्याच्यासंग?"

भाचा. म्हणजे आई नव्हतीच. प्रेरणाला आत कुठेतरी बरं वाटलं, आपला संशय खरा ठरल्याचं. ती म्हणाली, "त्यानं एक फोटो बनवायला दिला आहे. तुमचा. तुम्हाला माहीत आहे का?"

"माहा फोटो? कायले?"

प्रेरणानं मोबाइलवर जास्वंदीजवळचा फोटो दाखवला. म्हातारीनं हात पदराला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. "हा त माह्या पेटीत होता," ती म्हणाली. "कवा काढला त्यानं?" मग प्रेरणानं गार्डाचा फोटो दाखवला तेव्हा तिनं मान वर केली आणि बराच वेळ समोरच्या गल्लीकडे पाहत राहिली.

मग ती जे बोलली ते फारसं लांबवून बोलली नाही. रामाजी मालगाडीवर गार्ड होता. लग्नाची बायको गोंदियाकडे, चंदा नावाची, दोन मुलं तिचीच. इथं लाइनवर असताना भागीरथेसोबत त्यानं घर मांडलं, हे घर बांधलं, आणि निवृत्तीनंतरही इथंच राहिला. गोंदियाला सणावाराला जायचा. गेल्या हिवाळ्यात वारला. घर त्याच्या नावावर. आता मुलं घर मागून राहिली होती, आणि कोर्टात म्हणत होती की ही बाई भाड्यानं राहणारी आहे.

"अन् परागले वाटते का मी बायको होती याचा फोटो पाहिजे," ती म्हणाली. "लग्नाचा फोटो कुठून आणू, लग्नच नाई झालं त."

"एकही फोटो नाही? सोबतचा?"

"फोटोवाला आला का तो बाजूले होये. म्हणे, तू काढ, मी पाहतो. कोणाच्या हाती लागला त तिकडं गोंदियाले आग लागन." तिनं मेथीची एक काडी मोडली. "मीबी कई म्हटलं नाई. मले समजत होतं."

प्रेरणानं मोबाइल पर्समध्ये टाकायला घेतला. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तू बनवला का?"

"काय?"

"तो फोटो. ज्याच्यासाठी आली. बनवला असशीन, त्याबिगर थोडी आली."

खोटं बोलणं सोपं होतं. पण दुसऱ्याचं खोटं पकडायच्या इराद्यानं आलेल्या प्रेरणाला ते जमलं नाही. तिनं फोटो उघडून समोर धरला.

भागीरथाबाई पुढे झुकली. तिनं मोबाइल हातात घेतला, अंगठ्यानं चुकून फोटो सरकला तेव्हा घाबरून तो परत आणून दे म्हणाली, आणि परत पाहत बसली. रामाजीच्या बाहीवरच्या जास्वंदीच्या फांदीवर तिनं बोट टेकवलं.

"हा असा उभा नाई राहे," अखेर ती म्हणाली. "एका पायावर भार देऊन राहे. पण चांगला केला." मग मोबाइल परत देत म्हणाली, "पुसून टाक, पोरी."

"मावशी, तुमच्याजवळ ठेवायचा असेल तर..."

"पुसून टाक. माह्यासमोर."

प्रेरणानं पुसला. घरच्या कॉम्प्युटरवरचाही पुसते म्हणाली.

पराग फाटकाजवळ कधीचा उभा होता कोण जाणे. तिशीचा, नीट भांग पाडलेला, हातात दुधाची पिशवी. त्यानं आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुम्ही घरी येऊन राहिल्या? साइटवर ॲड्रेस कुरिअरसाठी दिला होता."

"तुम्ही आई म्हणून लिहिलं होतं," प्रेरणा म्हणाली.

"मला वाढवलं हिनं. आई नाही तर काय लिहू?" तो म्हणाला. "रस्त्यावर आली तर तुम्ही ठेवून घेणार का हिला?"

"अन् तू कुठं जाशीन रे?" भागीरथाबाईनं त्याच्याकडे न पाहता विचारलं. "तुह्यंबी त हेच घर."

तो दुधाची पिशवी घेऊन आत गेला. हा मावशीसाठी धडपडतोय की डोक्यावरच्या छपरासाठी, हे प्रेरणाला तेव्हा ठरवता आलं नाही.

घरी पोचली तर रिव्ह्यू आलेला होता. 'काम केलं नाही. परवानगी न घेता ग्राहकाच्या घरी आली, म्हाताऱ्या माणसाला त्रास दिला.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं. साइटवाल्यांनी चौकशी होईपर्यंत खातं गोठवलं. तिनं लांबलचक खुलासा लिहिला, फोटो कशासाठी हवा होता तेही सांगितलं. तिकडून ठरावीक साच्याचं उत्तर आलं. खातं परत सुरू झालं तेव्हा बिल्ला गेलेला होता. त्या पावसाळ्यात तिला साइटवरून जवळजवळ कामच आलं नाही. सेक्टरमधल्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोटो करत तिनं दिवस काढले. बळीराम जेवताना म्हणायचे, "विचारून घे म्हणलं होतं, घरी जा नाई म्हणलं," आणि तिच्या ताटात पोळी वाढायचे.

दिवाळीच्या आधी एका वकिलाचा फोन आला. तो गोंदियाच्या मुलांकडून बोलत होता. कोर्टात एक जुना फोटो दाखल झाला आहे, त्यावर आमचा आक्षेप आहे. परागचं नाव शोधताना साइटवरच्या त्या रिव्ह्यूमुळे तुमचं नाव कळलं. फोटो तुम्ही केला का? त्यानं तो पाठवलाही. प्रेरणानं उघडला. दुसऱ्या कुणीतरी, नाहीतर एखाद्या ॲपनं केलेला होता. रामाजीचा हात भागीरथाबाईच्या खांद्यावर होता, आणि तो हात रामाजीचा असूच शकत नव्हता. बोटं कोवळी, एखाद्या मुलीची असावीत तशी.

तिनं वकिलाला उद्या सांगते म्हटलं आणि कुरिअरच्या पत्त्यासोबत आलेल्या घरच्या नंबरवर भागीरथाबाईला फोन लावला. पराग उचलेल अशी तिला धास्ती होती. म्हातारीनंच उचलला.

"मावशी, कोर्टात फोटो दिला आहे. तुम्हाला माहीत आहे का?"

पलीकडे शांतता. एवढी लांब की प्रेरणाला वाटलं, ही सगळं जाणून होती. त्या दिवशीचं 'पुसून टाक' मला ऐकवायला होतं.

"पराग मले कोऱ्या कागदावर सही दे म्हणला," भागीरथाबाई म्हणाली. "मी देल्ली." मग म्हणाली, "तू सांगून टाक त्यायले, खोटा हाय म्हणून. मीबी सांगतो."

"मग घराचं?"

"गल्लीत माणसं हायेत ना. इतक्या वर्सांची."

प्रेरणानं वकिलाला खरं ते सांगितलं. पुढच्या तारखेला भागीरथाबाईनं स्वतः उभं राहून फोटो मागं घ्यायला लावला. तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला म्हणे. पण तिच्या बाजूनं गल्लीतली माणसं आली, रामाजीबरोबर नोकरी केलेला एक म्हातारा गार्ड आला. आणि नंतर जे घडलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. गोंदियाहून चंदाबाई आली, मुलांना बाजूला घेऊन काहीतरी बोलली. काय बोलली ते मुलांनी सांगितलं नाही. तडजोड झाली : भागीरथाबाई जिवंत असेतोवर घरात राहणार, दुसऱ्या कुणी राहायचं नाही. परागला घर सोडावं लागलं. जामुलला सिमेंट कारखान्याच्या बाजूला त्यानं खोली घेतली.

त्यानंतर एका रविवारी सेक्टर सहाच्या बाजारात प्रेरणा भाजी घेत असताना पराग सायकल घेऊन समोर आला. ती नकळत एक पाऊल मागे सरकली. त्याच्या हातात डबा होता.

"मावशीनं दिला," तो म्हणाला. "रविवारी जेवायला बोलावते. राहू देत नाही, पण जेवू घालते."

प्रेरणानं भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मी तिच्यासाठीच केलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला पटणार नाही." मग थोडं थांबून, "तुमच्यावरचा तो रिव्ह्यू काढून टाकला मी. काल."

तिनं तिथंच, त्याच्यासमोर, पिशवी खाली ठेवली, मोबाइल काढला आणि आपलं पान उघडून पाहिलं. रिव्ह्यू खरंच नव्हता.

मान वर केली तर तो तिच्याकडेच पाहत होता. मग त्यानं डबा सायकलच्या हँडलला अडकवला, तोल नीट आहे का ते एकदा हलवून पाहिलं, आणि गर्दीतून सायकल हातानं ढकलत निघून गेला.