मामाच्या पायाखालचा ब्रेक

पोलिसांनी माझ्या मामाचा खांदा निखळवला.

हे वाक्य तुम्ही वाचलं असेल तर कृपया विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही. चौकीतल्या कागदावर असं आहे की मामाला गाडीतून उतरायला हात देण्यात आला आणि त्या वेळी त्याचा खांदा जागचा सरकला. आपणहून. बावन्न वर्षं एकाच जागी राहून कंटाळला असेल बिचारा. तेव्हा मीही आता न घडलेलीच गोष्ट सांगते. न घडलेल्या गोष्टीला निदान कुणी हरकत घेत नाही.

मामा बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक आणि जास्तीचा एक क्लच असतो. स्टिअरिंग मात्र नसतं. म्हणजे गाडी कुठे जाणार हे ठरवायचा त्याला अधिकार नाही, फक्त तिला थांबवायचा आहे. आई म्हणते, त्याच्या संसाराचंही तेच आहे. मामी म्हणते, छे, घरचा ब्रेकसुद्धा माझ्याकडेच आहे.

बावीस वर्षं ब्रेक दाबून मामाची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड झालीय. शिंपी त्याचं माप दोनदा घेतो आणि दोन्ही वेळा स्वतःवरच संशय घेतो. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की मामाचा पाय सतरंजीत रुततो. बाकी मामा शांत माणूस. दमलेला म्हटलं तरी चालेल.

गाडीत बसवल्यावर तो प्रत्येकाला पहिला नियम एकच सांगतो. मी ब्रेक दाबला की तुझे दोन्ही पाय वर. कशालाच लागता कामा नयेत. कारण घाबरलेला माणूस ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो. एका निवृत्त हेडमास्तरांनी असंच करून मामाला गाडीसकट केस कापायच्या दुकानात नेलं होतं. आत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलं होतं. त्याने उरलेली अर्धी आजतागायत केलेली नाही म्हणे, पण ते मामाचं म्हणणं, मी पाहिलेलं नाही.

आता हँडब्रेक. तो दोन महिने बिघडलेला होता. ओढला की वर यायचा, भरपूर आवाज करायचा आणि धरायचा मात्र काहीच नाही. मामा म्हणायचा, पुढच्या सोमवारी दुरुस्त करतो. गॅरेजवाला म्हणायचा, केबल आली की लगेच. दोघंही शब्दाला पक्के होते. तोवर उतारावर मामाचा पाय होताच.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पाण्याच्या टाकीवरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर आम्हाला थांबवण्यात आलं. मी चालवत होते, मामा शेजारी. कारण विचारलं तर म्हणाले, गाडी संशयास्पद हळू चाललीय. गाडीच्या टपावर दोन फुटांची पाटी होती, तिच्यावर 'शिकाऊ' असं लांबूनही वाचता येईल एवढं लिहिलेलं. पण पाटी लावून तर कुणीही हळू जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पोलीस दोघं होते. एक माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा, गॉगलवाला, वर्दीची इस्त्री अशी की वाकला तर आवाज येईल. दुसरा वयस्कर, बगलेत थर्मास धरलेला. मामाने ब्रेक दाबला, मी नियमाप्रमाणे दोन्ही पाय वर घेतले. गॉगलवाल्याने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली. गाडी न्यूट्रलमध्ये होती. थर्मासवाले नंबर लिहायला गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. खाली तो सबंध उतार आणि मधे फक्त ते.

गॉगलवाल्याने मला हात वर करायला सांगितलं. दोन्ही, दिसतील असे, आणि अजिबात हलायचं नाही. मी हात वर केले. आता माझे हात वर होते, पाय वर होते, आणि पाठ सोडली तर गाडीशी माझा काहीच संबंध उरला नव्हता.

मग तो फिरून मामाच्या बाजूला गेला आणि त्याला खाली उतरायला सांगितलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. मामाला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, हँडब्रेक धरत नाही. तेवढ्यात सगळं मिटलं असतं. पण बिघडलेल्या हँडब्रेकची गाडी शिकवायला वापरली तर ड्रायव्हिंग स्कूलची परवानगी रद्द होते, कायमची, आणि हे वाक्य ऐकायला समोर नेमका पोलीस उभा. मामाने ते वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं, हे मी शेजारून पाहिलं.

त्याऐवजी तो म्हणाला, "उतरतो साहेब. आधी तुमच्या मोठ्या साहेबांना गाडीपुढून बाजूला व्हायला सांगा."

"नाही झाले तर?" गॉगलवाला म्हणाला. "काय करशील? धमकी देतोस?"

मामाने नाही म्हणून मान हलवली आणि मला हळूच सांगितलं, गियर टाक. बंद गाडी गियरमध्ये असली की उतारावरही धरून राहते. गियर टाकायला हात खाली घ्यावा लागतो. हात खाली घेऊ नको असं गॉगलवाल्याने सांगितलेलं. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं याचा विचार करायला मला फारसा वेळ लागला नाही, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते. मी जागची हलले नाही. मग मामाने स्वतःच गियरकडे हात नेला.

सीटच्या बाजूला हात गेलेला पाहून गॉगलवाल्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने दार उघडलं, मामाचा दंड धरला आणि ओढला. मामाने पट्टा लावलेला होता. म्हणजे त्या क्षणी मामाला तिघांनी धरलं होतं. वरून गॉगलवाल्याने, मधे पट्ट्याने, खाली ब्रेकने. तिघांपैकी एकही सोडायला तयार नव्हता, आणि त्यातल्या तिसऱ्याला तर मामानेच धरून ठेवलेलं. तो ओरडला नाही. तो समोर थर्मासवाल्यांकडे बघत होता. मग ओल्या कापडातून काडी मोडावी तसा आवाज आला, पट्ट्याचं जुनं बक्कल सुटलं, आणि मामा रस्त्यावर गेला.

आणि गाडी निघाली.

हात वर, पाय वर, किल्ली नाही, शेजारी मामा नाही, अशी मी साधारण चालत्या म्हशीच्या वेगाने उतरू लागले. हलायचं नाही ही गॉगलवाल्याची आज्ञा. पाय वर ही मामाची आज्ञा. दोन्ही मी तंतोतंत पाळल्या. थर्मासवाल्यांनी वयाच्या मानाने फार सुंदर उडी मारली. थर्मासला उडी मारता आली नाही. पुढे रस्त्याच्या कडेला 'सावकाश जा' अशी पाटी होती, तिला टेकून गाडी थांबली.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. गॉगलवाला दारात उभा होता. गॉगल काढल्यावर त्याचे डोळे फारच लहान मुलासारखे दिसत होते. मामा म्हणाला, उतरताना. डॉक्टरांनी लिहिलं, उतरताना.

पाचव्या दिवशी मला जबाब द्यायला चौकीत बोलावलं. जाताना मामाने गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात सांभाळत मला बजावलं होतं की हँडब्रेकचं नाव काढायचं नाही. चौकीतल्या लेखनिक बाई दोन बोटांनी टाइप करत होत्या. माझा जबाब त्यांनी मी यायच्या आतच तयार ठेवला होता, मला खाली सही तेवढी करायची होती. त्यात लिहिलं होतं की चालक युवतीने सर्व आदेशांचं पूर्ण पालन केलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वागणुकीबद्दल कुणी चांगलं लिहून दिलं होतं, आणि ते मामाच्या खांद्यावर उभं राहून.

मामाच्या नावावर तीन कलमं होती. एक, उतरण्याचा आदेश मोडला. दोन, सरकारी नोकराला बाजूला होण्याची धमकी दिली. तीन, वाहन सरकारी नोकराच्या अंगावर घातलं. मी बाईंना विचारलं, वाहन निघालं तेव्हा तर मामा रस्त्यावर पडला होता, मग त्याने ते घातलं कुठून? बाईंनी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, लांबून.

खाली एक छापील रकाना होता. वापरलेलं बळ. त्यापुढे तीन चौकोन. किमान, पुरेसे, लागू नाही. लागू नाही वर खूण केलेली होती.

मी मनात हिशेब मांडून पाहिला. हँडब्रेकचं सांगितलं तर मामाने पाय का काढला नाही हे सगळ्यांना कळेल, आणि स्कूल जाईल. नाही सांगितलं तर मामा विनाकारण आडमुठा ठरेल, तिसरं कलम टिकेल, आणि स्कूल जाईल. मी बाईंना म्हटलं, जरा विचार करून येते, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने थर्मासवाले आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांच्या हातात आता स्टीलचा पेला होता, वर बशी झाकलेली. पेल्यातला चहा निवत होता हे त्यांनाही दिसत होतं.

"हँडब्रेक धरत नव्हता ना?" ते म्हणाले.

मी न सांगण्याच्या बाबतीत तरी मामाचं ऐकायचं ठरवलेलं.

"नको सांगूस. मी समोरच होतो. सबंध नंबर लिहिला, खाली तारीख टाकली, गाडी तसूभर हलली नाही. तो बाहेर पडला आणि हलली." त्यांनी बशी काढली आणि परत ठेवली. "माझी नोकरी चौदा महिने राहिलीय, बाळ. तिसरं कलम मी काढायला लावतो. दुसरंही. सांगतो की माझाच पाय घसरला. पहिलं राहू दे."

"का?"

"पहिलं काढलं तर मग खांदा कशासाठी, ते लिहावं लागतं. पोरगा नवा आहे."

मी म्हटलं, मामा जुना आहे.

त्यांनी पेला बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मामांना सांग, त्यांनी पाय काढला असता तरी चाललं असतं. मी उडी मारली असती."

मी उठले. चार पावलं गेले असेन, मागून आवाज आला.

"नको सांगूस. चाललं नसतं. मी खाली मान घालून लिहीत होतो."

मी आत जाऊन सही केली.

दोन कलमं गेली, एक राहिलं. आदेश मोडल्याबद्दल मामाची परवानगी सहा महिने बंद. मामा म्हणाला, चला, कमीच लागलं. मामीने टपावरची 'शिकाऊ' पाटी उतरवून पुसून कपाटामागे ठेवली. दुसऱ्याच आठवड्यात केबल आली. हँडब्रेक आता इतका घट्ट बसलाय की सोडायला दोन माणसं लागतात. गाडी दारात कव्हर घालून उभी आहे, सपाट जमिनीवर, आणि तो ब्रेक तिला प्राणपणाने धरून आहे.

एकदा मी मामाला विचारलंच, की मी माझा पाय नुसता ब्रेकवर ठेवला असता तर.

मामा म्हणाला, "बावीस वर्षांत एवढ्या लोकांना शिकवलं. ऐन वेळी नियम आठवला तो तुला एकटीला." तो रागाने म्हणाला नाही. रागवायला अंगात काहीतरी लागतं.

हल्ली तो दिवसभर खुर्चीत बसून असतो. उजवा पाय पुढे, टाच टेकलेली, चवडा फरशीवर दाबलेला. मामी केर काढताना झाडू त्या पायाभोवतून फिरवते. तिने दोनदा उचला म्हणून सांगितलं, तर तो हो म्हणाला आणि पाय तसाच. झोपेतही तसाच असतो, पांघरुणाखाली ताणलेला. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा आणि पायाचा काही संबंध नाही. कागदावरही नाही.

म्हणून मी काल अर्ज केला. पोच मिळाली आहे, शिक्का उलटा आहे. अर्ज असा:

प्रति,
माननीय वाहतूक नियंत्रण अधिकारी.

विषय: पाय उचलण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, माझे मामा, व्यवसाय ड्रायव्हिंग शिक्षक (सध्या बंद), यांचा उजवा पाय दिनांक अकरा, मंगळवार, सकाळपासून आपल्या खात्यातील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी ब्रेकवर आहे. त्यांनी आदेश मोडल्याची नोंद आपल्याकडे आहे. तथापि ते आदेश पाळणारे गृहस्थ असून केवळ योग्य आदेशाची वाट पाहत आहेत. तरी सदर कर्मचारी आता गाडीसमोर उभे नाहीत याची आपल्या स्तरावर प्रत्यक्ष पाहणी करून खात्री करावी, तसा लेखी दाखला द्यावा, आणि माझ्या मामांना पाय उचलण्याचा आदेश आपल्या सहीशिक्क्यानिशी लवकरात लवकर देण्यात यावा, ही नम्र विनंती.