हर्षलानं लावलेला लिव्हर

"हिनंच काल लिव्हर भलता लावून ठेवला व्हता," कमलेश म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि त्याला वाटलं, कोणी ऐकलेच नसते तर बरं झालं असतं. पण बांधावर गावातली दहाबारा माणसं उभी होती. ट्रॅक्टरमागचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर कातळावर आदळून बसला होता. पाती वाकली होती, गिअरपेटीला तडा गेला होता आणि काळं तेल आनंदीबाईंच्या शेतात मुरत होतं.

ट्रॅक्टर बायकांच्या बचत गटाचा, आनंदीबाई गटाच्या अध्यक्ष. गटातल्या कोणाला तरी चालवता यायला हवा म्हणून कमलेशच्या बायकोने, हर्षलाने, तो शिकून घेतला, आणि दोन हंगाम ती अख्ख्या गावाची शेतं फिरत होती. कमलेश मोहोपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. सुरुवातीला त्यालाही कौतुक वाटलं. मग कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारलं, "वहिनी ट्रॅक्टरवर, मग भाकऱ्या तू थापतोस काय रं?" तो सगळ्यांबरोबर हसला, पण ते त्याच्या मनातून जाईना. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्याने चावी घेतली. "आज मी जातो. तू घरात ऱ्हा."

हर्षला दारापर्यंत आली होती. "अवो, रोटर जोडलाय. आतला लिव्हर तेवढा वापरा, बाहेरचा नांगराचा हाय, तो वरच ऱ्हाऊ द्या. आन् आतल्याचा स्क्रू सोडू नका, रोटर लई खोल जाईल, बांधाकडं खाली कातळ हाय."

"मला शिकवतेस काय?"

आदल्या दिवशी तिने त्याच शेताचा खालचा अर्धा भाग करून ठेवला होता. माती हाताने चाळल्यासारखी सारखी पडली होती. कमलेशला मात्र रोटर नुसता वरवर खरवडतोय असं वाटलं. बांधावर दोन म्हातारे बिडी ओढत बघत होते. त्याने स्क्रू सैल केला आणि दोन्ही लिव्हर पुढे, पार खाली ढकलले. रोटर खोल गेला, काळी ढेकळं उडाली आणि एक फेरी होईपर्यंत त्याला फार बरं वाटलं. बांधाजवळ वळताना मोठा आवाज झाला.

तो आवाज ऐकून हर्षला पळत आली होती, हाताला भाकरीचं पीठ तसंच. तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं. दोन्ही लिव्हर खाली होते. मग तिने कमलेशकडे पाहिलं. आता ती सगळ्यांपुढे बोलणार म्हणून त्यानेच आधी तिच्यावर ढकललं आणि मान फिरवली.

"हा, माझंच चुकलं," ती म्हणाली.

आनंदीबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि खालापूरच्या मेकॅनिकला फोन लावायला त्या बाजूला गेल्या.

रोटर दुरुस्त होऊन आला तेव्हा ट्रॅक्टरवर रूपेश बसला. वाडीतलाच पोरगा, लग्न झालेला, टेंपोवरचं काम सुटल्यापासून घरी होता. कमलेशने मनाशी धरलं की गटाने हर्षलाला काढलं. त्या रात्री तिने त्याला जेवायला वाढलं, उद्या कुठली पाळी ते विचारलं, डब्याला काय करू म्हणाली. ती भांडली असती तर त्याला घास तरी गिळता आला असता. कॅन्टीनमध्ये बातमी पोचली होती. "सुटलास बाबा एकदाचा," म्हणून कोणीतरी पाठीवर थाप मारली, तेव्हा तो डबा झाकून उठला.

शेवटी एका संध्याकाळी तो आनंदीबाईंच्या अंगणात गेला. त्या सुपात भात पाखडत होत्या.

"काकी, त्या दिवशी ती चूक हर्षलाची नव्हती. मी केली."

आनंदीबाईंचं सूप थांबलं नाही. "ठावं हाय."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच रं. तिनं आदल्या दिशी त्याच रोटरनं माझं अर्धं शेत केलं. एका रातीत लिव्हर भलता कसा लागंल? बायका तवाच बोलणार व्हत्या. हर्षलानं माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, त्यांना चारचौघांत बोलू नका."

कमलेश पायरीवर बसला. बराच वेळ त्याला वर बघवेना. गेले इतके दिवस गावातून जाता-येता लोक त्याला रामराम घालत होते, बायका "काय भावजी, आज उशीर?" म्हणून विचारत होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मग तिला काढली कशाला?"

"आमी कुटं काढली? तिनंच चावी आणून दिली. म्हणाली, मी ट्रॅक्टरवर दिसले की त्यांची मान खाली जाईल."

"तिला परत बसवा. मी सगळ्यांसमोर सांगतो, काकी."

"तुज्या सांगण्यानं तुला बरं वाटंल," आनंदीबाई म्हणाल्या. "रूपेसची बायको पोटुशी हाय. त्याला आता कुटल्या तोंडानं उतरवू?"

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तो शेताच्या रस्त्याने आला. वाल लावायला बायका ओळीने बसल्या होत्या, हर्षला टोकाला होती. पलीकडच्या तुकड्यात रूपेश रोटर फिरवत होता. कमलेश रस्त्यावरच थांबला. बोलायचं ठरवून आला होता, पण तिला त्याची चाहूल लागली नव्हती.

ट्रॅक्टर बांधाकडे येत होता. हर्षलाचा डावा हात बी टाकत होता, नजर मातीत होती. ट्रॅक्टर वळायला आला तसा तिचा उजवा हात गुडघ्यावरून आपोआप उचलला गेला, लिव्हर धरल्यासारखी मूठ झाली, आणि अलगद मागे आली. रोटर जमिनीपासून सुटला. ट्रॅक्टर वळला. तिची मूठ तशीच हवेत धरलेली होती. मग रोटर पुन्हा मातीला टेकेपर्यंत ती हळूहळू पुढे गेली आणि उघडली.

शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं. हर्षलाने हाताकडे पाहिलं, तो लुगड्याला पुसला आणि ओटीतलं बी घ्यायला आत घातला.