वरच्या खुणेच्या वर

मी एक जुनी पट्टी आहे, मित्रांनो. कापड मोजायची नव्हे, इंजिनातले ऑइल मोजायची. अंगाने सडपातळ, डोक्याला पिवळी कडी आणि पायाशी दोन खुणा. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असले की सगळे ठीक.

माझा जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेले एका लॉन्ड्रीच्या गाडीत. लॉन्ड्री नणंद-भावजयीची. सकाळी गाडी वहिनी चालवायची, दुपारी नणंद. निघण्याआधी दोघी मिळून मला ओढून बघायच्या, फडक्याने पुसायच्या.

"खोटं म्हणून बोलत नाही बिचारी," वहिनी म्हणायची.

"आपल्या घरात हीच एक तशी," नणंद चिडवायची.

त्या हसल्या की मला भारी वाटायचे.

मग दोघींचे बिनसले. कशावरून, देव जाणे. बॉनेटखाली सगळेच ऐकू येत नाही. बोलणे बंद झाले, तसे मला ओढून बघणेही बंद झाले. गाडीवर मात्र दोघींचा जीव. "तिला कुठली आलीय गाडीची काळजी!" असे पुटपुटत एका सकाळी वहिनीने डबाभर ऑइल ओतले. दुपारी तेच पुटपुटत नणंदेनेही ओतले.

ऑइल माझ्या वरच्या खुणेच्या वर चढले. मी सांगत होते, पण बघणार कोण? इंजिनात फिरणारा दांडा ऑइलात बुडाला आणि साबणाच्या पाण्यासारखा फेस झाला. फेसाने का कुठे इंजिनाचे भागते? ऑइल अडवणारे सील फाटले, गाडीखाली थेंब पडू लागले. थेंब बघून दोघींना वाटले, ऑइल कमी झाले. दोघींनी पुन्हा ओतले. शेवटी भर रस्त्यात इंजिन जाम झाले.

दोघींना बोलावून मेकॅनिकने मला ओढले. "इंजिन गेलं. ऑइल कमी नाही, भलतंच जास्त आहे. ओतलं कोणी?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

मग नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा सांगायचं तरी."

"तू तरी कुठे विचारलंस?" वहिनी म्हणाली.

चादरींचे गाठोडे दोन बाजूंनी धरून त्या पायीच निघाल्या, बोलत बोलत. मला फार बरे वाटले. पुढे नव्या इंजिनाबरोबर नवी पट्टी आली, आणि मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकले.

मित्रांनो, मायेनेसुद्धा जास्त ओतू नका. आधी बघा, बरोबरच्या माणसाला विचारा. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या अंगावरचे ते ऑइल तेवढे पुसून जा. फडके समोरच आहे.