महागाचं तेल

ट्रकला तेल कुठलं घालायचं, यावरून ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात रोज सकाळी चहाबरोबर वाद व्हायचा. इतरांच्या घरी असे वाद पोरीच्या स्थळावरून होतात. पण या घरात पोर नव्हती, ट्रकच होता, आणि त्याचे लाडही पोरीसारखेच चालायचे.

खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं आणि जाळ्यात मासळीपेक्षा कचराच जास्त येऊ लागला, तेव्हा दोघा भावांनी होडी विकून हा जुना ट्रक घेतला होता. कागदावर तो धाकट्या परशुरामच्या नावावर होता; थोरला भिवाजी तो चालवायचा आणि परशुराम कामं आणायचा. टिटवाळ्याला, आंबिवलीला नव्या इमारती उठत होत्या. तिकडे खडी न्यायची, येताना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचा माल उचलायचा, असा धंदा होता. भिवाजीची खोली भिंतीला भिंत लागून होती; बायको वारल्यापासून तो जेवायला धाकट्याकडेच असायचा. परशुरामची बायको सगुणा बाजारात मासळी विकायची, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं बोलणं फार वेळ टिकत नसे.

"साधंच घाल," भिवाजी म्हणायचा. "पण वेळेवर बदल. धुळीचा धंदा हाय आपला. फिल्टर बघितलास काय कधी?"

"दादूस, तू अजून साध्यातच अडकलास. आता सिंथेटिक आलंय. फॉरेनचं. एकदा घातलं की बघायला नको."

वागळे इस्टेटमधल्या दुकानदाराने परशुरामला खरं तर असं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, तेल उत्तम आहे, साध्यापेक्षा जास्त चालतं, पण खडीची गाडी असेल तर लवकर बदला आणि मध्ये मध्ये तेलाची पट्टी काढून पातळी बघत जा. यातलं 'उत्तम' आणि 'जास्त चालतं' एवढं परशुरामने ऐकलं. पुढचं बोलणं सुरू झालं तेव्हा तो चकचकीत डब्यावरची इंग्रजी अक्षरं बघत होता. आपण सगळेच थोडेफार असेच ऐकतो.

शिवाय त्याच्या डोक्यात होडी होती. होडीला वर्षातून एकदा मोरीचं तेल द्यायचं. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून लाकडाला चोळायचं, ते मुरलं की पुढची नारळी पुनव येईपर्यंत बघायचं नाही. बापाने केलं, आज्याने केलं. तेल जितकं चांगलं तितकी होडी निर्धास्त. मग ट्रकचं वेगळं काय असणार? दसऱ्याला ट्रकची पूजा केली, महागाचं तेल घातलं आणि परशुराम म्हणाला, "आता थेट नारळी पुनवेला."

भिवाजी हसला. "अरे, होडीला तेल बाहेरून लावतात. ते लाकडात मुरतं. इंजिनातलं आतल्या आत मळतं. तू हाडाचा कोळी हायस, पण इंजिन कोळी नाय रे."

सगुणाही हसली. परशुराम मात्र हसला नाही. महागाची वस्तू आणल्यावर घरात कौतुक व्हावं एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि तीही पुरी झाली नव्हती.

त्यानंतर भिवाजीने पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. होळी झाली तेव्हा म्हणाला, पाडवा झाला तेव्हा म्हणाला. तेल काळं पडलंय, पट्टीवर खाली गेलंय. दर वेळी परशुरामचं उत्तर एकच. "सिंथेटिक आहे, दादूस."

वैशाखात, ऐन कामाच्या दिवसांत, वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्याच्या गेटमध्येच ट्रकने मोठा खडखडाट केला आणि तो बंद पडला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मागे गाड्यांची रांग लागली. वॉचमन, हमाल, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, सुपरवायझर, सगळे भोवती जमले. परशुराम धावत आला. बॉनेट उघडून त्याने तेलाची पट्टी ओढली. टोकाला जेमतेम काळा ठिपका होता.

"एवढं महागाचं तेल गेलं कुठे?"

"मी सांगत होतो तुला, कमी होतंय," भिवाजी म्हणाला.

मागून हॉर्न वाजत होते. सुपरवायझर ओरडत होता की उद्यापासून दुसरी गाडी लावतो. आणि परशुरामच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"कमी होतंय की विकतोयस? सख्ख्या भावाच्या गाडीतलं तेल काढून विकतोस?"

हमालांपैकी कुणीतरी हसलं. भिवाजीने हात फडक्याला पुसले. चावी बॉनेटवर ठेवली आणि गर्दीतून वाट काढत तो निघून गेला. एक शब्दही बोलला नाही. लोकांना वाटलं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहे. आपल्याकडे गप्प माणसाचा असाच हिशेब लावतात.

ट्रक ओढून उत्तम नावाच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेला. त्याने इंजिन उघडलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला डांबरासारखा काळा चिखल आला.

"परशुरामशेठ, हे बदललं कधी होतं?"

"दसऱ्याला. पण सिंथेटिक आहे ते."

"असेल की. तेल चांगलंच होतं, म्हणून इतकं तरी चाललं. पण धूळ कुठे जाणार? काजळी कुठे जाणार? त्याच तेलात बसणार ना."

"मग कमी कसं झालं?" परशुरामने विचारलं. त्याचा आवाज एव्हाना उतरला होता.

"जुनं इंजिन तेल खातं. खाल्लं ते जळलं, उरलं त्याचा हा चिखल झाला. वेळेवर बदललं असतं तर साधंही पुरलं असतं."

परशुराम तिथल्याच एका फाटक्या टायरवर बसला. इंजिनाचं काय करायचं ते मिस्त्री सांगत होता. त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही. कानात फक्त तो हमाल हसत होता.

संध्याकाळी तो बाजारातून सुरमई घेऊन आला. स्वतःची बायको मासळी विकत असताना! सगुणाने एकदा सुरमईकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि ती कापायला घेतली. भिवाजीला हाक मारली. तो आला, जेवला.

"दादूस, चुकलं माझं. झालं गेलं," परशुराम ताटात बघत म्हणाला.

"असू दे," भिवाजी म्हणाला. "सुरमई ताजी हाय."

परशुरामला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवसापासून भिवाजी जेवायला आला नाही. भिंतीपलीकडून करपलेल्या भाताचा वास यायला लागला. इंजिन दुरुस्त होऊन आलं, तरी तो ट्रककडे फिरकला नाही; परशुरामला पगारी ड्रायव्हर ठेवावा लागला. भिवाजीने दुसरीकडे ड्रायव्हरकी शोधली. कल्याणला विचारलं, डोंबिवलीला विचारलं. मालक लोक गोड बोलून कटवायचे.

का कटवतात ते सगुणाला बाजारात कळलं. घरी येऊन टोपली आदळत तिने विचारलं, "नाक्यावर भाऊजींना काय म्हणतात, ठावं हाय काय तुमाला? 'दादूस, आज कोणाच्या गाडीचं तेल?' पोरंसोरंबी म्हणतात."

"मी माफी मागितली ना त्याची."

"कुठे मागितलीत?"

"इथेच. तुझ्यासमोर."

"आणि चोर कुठे म्हणालात?"

परशुराम आदळलेली टोपली सरळ करू लागला.

"गेटवर. सगळ्या दुनियेसमोर. आणि माफी चुलीजवळ. तिथं कोण होतं? मी आणि मांजर. आता मांजर काय गेटवर जाऊन सांगणार हाय, की भिवाजी चोर नाय म्हणून?"

"अगं, मी मालक. चारचौघांत मी असं बोललो तर माझी किंमत काय राहील?"

"त्यांची काय राहिली?" सगुणा म्हणाली. "इज्जत काढताना तुमाला गर्दी चालली. आता परत देताना कोपरा हवा. तुमी सुरमई आणलीत. तेलबी तुमी असंच आणलं होतं, महागाचं. महागाची वस्तू आणली की काम झालं असं वाटतं तुमाला. जे करायचं असतं ते तसंच राहतं."

ते परशुरामला पटलं. पटलं म्हणून तो लगेच उठला असता, तर ही गोष्ट इथेच आनंदाने संपली असती. पण तो म्हणाला, जाऊ पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात कारखान्यात माल नव्हता. मग पाऊस लागला. मग नारळी पुनव आली, मग गणपती. दर वेळी कारण खरंच असायचं, तो खोटं बोलत नव्हता. भिंतीपलीकडचा भात मात्र आता करपायचा थांबला होता. भिवाजी एकट्यापुरतं शिजवायला शिकला होता.

दिवाळीनंतर एकदाचं परशुरामने धाडस केलं. "दादूस, जरा वागळेला चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला. भिवाजीने कारण विचारलं नाही. कदाचित त्याने ओळखलं असावं.

गेटला कुलूप होतं. कारखाना बंद होऊन महिना उलटला होता. परशुरामला ते माहीत होतं, पण जुनी माणसं तिथेच आसपास भेटतील असं त्याला वाटलं होतं. हमालांच्या टोळीतले कुणी भिवंडीला, कुणी गावाला गेले होते. सुपरवायझर कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. समोरच्या टपरीवर चारदोन ड्रायव्हर चहा पीत होते. त्यातला एकही त्या दिवशीचा नव्हता.

तरी परशुराम टपरीपुढे उभा राहिला. तो एकदा खाकरला.

"मंडळी, हा माझा थोरला भाऊ, भिवाजी. या गेटवर मी याला तेलचोर म्हणालो होतो. ते खोटं होतं. तेल मी बदललं नव्हतं. हा सांगत होता, मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. मग एका ड्रायव्हरने शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण भिवाजी?"

परशुरामच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांच्या कानात विष ओतलं, ते कान निघून गेले होते. आणि ज्यांच्यापुढे तो ते उपसत होता, त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

भिवाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर बसला.

"बोललास, बरं झालं," तो म्हणाला. "मना बरं वाटलं. खरंच वाटलं. पण ज्यांनी तेवा ऐकलं ते गावोगाव गेले रे, परशा. त्यांच्या गावात मी चोरच हाय."

"मी शोधतो त्यांना. भिवंडीला जातो."

"जा," भिवाजी म्हणाला. "पण मी गाडीवर येणार नाय. स्टिअरिंग धरलं की मागून कुणी हसतंय असं वाटतं मना. जेवायला येईन. सगुणाला सांग, भात लाव माझाबी."

परशुराम पुढे खरोखरच शोधत राहिला. भिवंडीच्या नाक्यावर, कल्याणच्या ट्रक अड्ड्यावर, आंबिवलीला खडी उतरवताना, जुना कुणी दिसला की थांबवून सांगायचा. काहीजण हसायचे, काहींना तो दिवस आठवायचाच नाही. एकदोघे म्हणाले, "आम्हाला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं." मग तेव्हा का बोलला नाहीत, असं त्याच्या ओठांवर यायचं. पण तो विचारणारा कोण?

वाचकहो, साधं तेल चांगलं की सिंथेटिक, हे सांगायला मिस्त्री समर्थ आहेत. दोन्ही आपापल्या जागी चांगली, पण कुठलंही वेळ उलटून गेल्यावर चिखलच होतं. माणसांचंही तसंच आहे. आपण रागाच्या भरात नोकराला, सुनेला, भावाला चारचौघांत बोलतो आणि मग घरात एखादी महागाची वस्तू आणून मोकळे होतो. ती वस्तू नका आणू. जिथे बोललात तिथे, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर, आणि ती माणसं अजून तिथे आहेत तोवर, आपला शब्द मागे घ्या. परशुरामने घेतला. त्याला उशीर झाला. त्याचा भाऊ रोज त्याच्या शेजारी बसून जेवतो, हसतो, बोलतो. पण ट्रक कल्याणला निघाला की अंगणातून उठून आत जातो.