दप्तरातली वहाण

मित्रांनो, आधी नाक धरू नका. मी एक जुनी वहाण आहे आणि माझी कहाणी तुम्हाला वासासकट ऐकावी लागणार आहे. तुमच्यातला एखादा म्हणेल, वहाणेची कसली आलीय कहाणी? बाबा रे, माणसाच्या पायाखाली राहून मी जेवढं सोसलं नाही, तेवढं मला त्याच्या नाकापाशी नेल्यावर सोसावं लागलं. माझा सगळा राग त्याचाच आहे, आणि तो मी आज गिळणार नाही.

माझा जन्म वैजापूरचा. बाजाराच्या कडेला सोमनाथ नावाचे कारागीर बसत. त्यांनी रापीने कातडं कापलं, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने माझा तळ शिवला. मी उजवी. डावी माझी बहीण. आम्हा दोघींना त्यांनी पोटभर गोडं तेल पाजलं आणि दुकानाच्या पुढ्यात मांडलं. तिथून आम्हाला रामकिसन आबांनी उचललं. आबा पायात घालून थोडं चालले, आमची करकर ऐकली आणि खूश होऊन म्हणाले, "बोलती वहाण हाय की!" तेव्हा त्यांना काय ठाऊक, ही पुढे खरंच बोलायला लागेल म्हणून.

मग आम्ही आबांबरोबर राबलो. कांद्याच्या वावरात, मार्केट यार्डाच्या धुळीत, तहसीलच्या पायऱ्यांवर. एकदा लग्नाच्या पंगतीबाहेरून कुणीतरी पाहुणा आम्हाला आपल्याच समजून घालून गेला, तर आबा अनवाणी दुसऱ्या गावापर्यंत जाऊन आम्हाला सोडवून घेऊन आले. इतका त्यांचा आमच्यावर जीव. मी चिखल तुडवला, शेण तुडवलं, काटे अंगावर घेतले. त्याची मला कधी लाज वाटली नाही, कारण वहाणेचं काम तेच असतं.

आबांची नात तनुजा तिसरीत होती. नात्यातल्या एका लग्नाला सगळे वैजापुरात जमले होते. मांडवात खेळता खेळता पोर एकाएकी पडली. अंग ताठ झालं, हातपाय झटके खाऊ लागले, तोंडाला फेस आला. तिची आई करुणा किंचाळली आणि मांडवात एकच गलका उठला, "फिट आली, फिट आली! चप्पल आणा! कांदा फोडा!"

आबा धावत आले. त्यांनी मला पायातून ओढलं आणि लेकराच्या नाकाला लावलं.

मित्रांनो, मी त्या पोरीचा चेहरा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. माझ्या तळाला त्या दिवशी काय काय चिकटलं होतं, ते मी सांगत नाही. ते सगळं तिच्या ओठांना लागलं. मी मागे सरणार तरी कशी? मला पाय नाहीत. मी स्वतःच पायाची आहे.

थोड्या वेळाने तिचं अंग सैल पडलं, तिने डोळे उघडले. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आणि फांदी मोडल्याचं श्रेय कावळ्याला मिळालं. "लई गुणाची वहाण हाय," जो तो म्हणू लागला. एका आजीबाईने तर मला हळदकुंकू लावलं. मी तुमची वहाण, मला कशाला हळदकुंकू? मी काहीही केलं नव्हतं. खोट्या कौतुकाची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती.

त्या दिवसापासून माझं चालणं बंद झालं. आबांनी मला पुसून खुंटीला टांगलं. बहीण एकटी काय कामाची, म्हणून ती पलंगाखाली गेली. आबांनी स्वतःसाठी निळ्या रबरी सपाता घेतल्या. तनुजाच्या वडिलांना शहरात कंपनीत नोकरी लागली आणि सगळं घर संभाजीनगरात गारखेड्याला आलं, तेव्हा इतर सामानाबरोबर आम्हीही आलो. करुणाने खुंटी मारून घेतली ती दाराजवळच, म्हणजे वेळेला मी पटकन हाताशी यावी.

त्या पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांकडेही नेलं होतं तिला. मला पिशवीत घालून बरोबर नेलं होतं, म्हणून मी माझ्या कानांनी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, झटका बहुतेक वेळा आपोआप थांबतो. चपलेनं काही होत नाही. गोळी मात्र रोज द्या, एकही दिवस चुकवू नका." आबांनी मान डोलावली. गोळ्या सुरू झाल्या आणि काही वर्षं झटके थांबले. झटके थांबले, तसा घराला धीर आला. आठवीनंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर गोळ्या संपल्या, तर आबा म्हणाले, "राहू दे, गोळीनं लेकरू पेंगतंय. आणि वहाण हाय की आपल्यापाशी." करुणानेही नव्या गोळ्या आणायचं टाळलं. तिला वेगळीच धास्ती होती. औषधाच्या दुकानात कुणी ओळखीचं भेटलं, बोभाटा झाला, तर उद्या पोरीचं लग्न कसं जमायचं? पोर आता कुठे नववीत गेली होती!

ज्या गोळीने गुण आला, ती बंद झाली. जिने काहीच केलं नाही, ती खुंटीवर मिरवत होती. सांगा, राग येईल की नाही?

शाळा सुरू झाली आणि व्हायचं तेच झालं. प्रार्थनेच्या रांगेत तनुजा कोसळली. मी तिथे नव्हते. घरी आल्यावर ती आईच्या मांडीवर रडत सांगत होती, ते ऐकलं. खेळाच्या सरांनी "चप्पल, चप्पल" म्हणून हाक दिली, तर कुणी आपला बूट काढून दिला. अख्ख्या शाळेसमोर तो तिच्या तोंडावर दाबला गेला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिला नाव पडलं, चप्पल. ती बाकावर बसली की मागची पोरं नाक धरायची.

"आई, मला शाळेत नाय जायचं," ती म्हणाली.

आबांनी हे ऐकलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता तरी त्यांना कळलं. पण माया आंधळी असते म्हणतात, ते खोटं नाही. आबांनी मला खुंटीवरून काढलं आणि म्हणाले, "परक्याचा बूट काहून लावू द्यायचा आपल्या लेकराला? आपली वहाण रोज दप्तरात ठिवू." मग त्यांनी मला कागदात गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी, आणि गाठ मारली. "पुस्तकाला वहाण लागू नये, बाई. इद्या असती ती."

हे वाक्य लक्षात ठेवा.

अशी मी रोज शाळेत जाऊ लागले. वह्यापुस्तकांच्या शेजारी, अंधारात, गाठ मारलेली. डब्यातल्या पोळीलाही माझी किळस येत असणार. तनुजा दप्तर बाकापासून दूर ठेवायची.

पुढे वाचन सप्ताह आला. मराठीच्या सत्यभामा मॅडमनी प्रत्येकाला एका पुस्तकाबद्दल बोलायला सांगितलं. तनुजाला त्यांनी मुद्दाम एक कादंबरी दिली. "तुला ही जवळची वाटेल, बाळ. यातल्या बाळूलाही तुझ्यासारखाच आजार आहे. मी तर वाचून ओक्साबोक्शी रडले." मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं होतं, पोर समोर उभी राहून रडेल, पालक रडतील आणि कार्यक्रम छान होईल.

तनुजा ती कादंबरी गच्चीवर बसून मोठ्याने वाचायची. दप्तर शेजारी असायचं, त्यामुळे मीही ऐकली. एक भरलं घर, त्यातला आजारी मुलगा, गोड, शहाणा, सगळ्यांना हसवणारा. सगळे त्याच्यावर जीव टाकतात आणि शेवटी तो जातो. वाचता वाचता तनुजा मध्येच थांबायची आणि पुस्तक पालथं ठेवायची. मला कळेना, ही रडत कशी नाही?

कार्यक्रमाच्या दिवशी करुणा यायची होती. तिला वेळ मिळाला नाही म्हणून आबा आले. धोतर, फेटा, निळ्या सपाता दाराबाहेर काढलेल्या. तनुजाने त्यांना शेवटच्या रांगेत पाहिलं आणि ती जागच्या जागी थबकली. मी दप्तरात होते, पण आबांचा खोकला मी कुठेही ओळखते. आता ही बोलेल का? बोलली तर आबांचं काळीज फाटेल. नाही बोलली, तर ही दप्तरातली गाठ जन्मभर सुटायची नाही.

ती दप्तर घेऊनच समोर गेली.

"या कादंबरीत बाळूच्या आईला काय वाटलं, ते लिहिलंय," तनुजाने सुरुवात केली. "वडिलांना, काकांना, शेजारणीला काय वाटलं, ते लिहिलंय. गोठ्यातल्या गाईला काय वाटलं, तेही पानभर आहे. बाळूला काय वाटलं, ते कुठंच नाही."

गाईवर थोडे हसले. ती हसली नाही.

"दिवाळीच्या फराळाला बाळू पडतो. काका त्याला चप्पल हुंगवतात. तो डोळे उघडतो आणि गोड हसतो. मला लेखकाला विचारायचंय, तो काहून हसला? फिटमधून जागं झाल्यावर हसू येत नाही. डोकं ठणकत असतं, जीभ चावलेली असते, आपण कुठं आहोत ते कळत नाही. पहिलं कळतो तो चपलेचा वास. मग दिसतात वाकून बघणारे चेहरे. आणि या पुस्तकात औषधाची बाटली एकदाच येते, तीही खिडकीत तिच्यावर ऊन पडतं म्हणून. ती बाटली कुणी उघडली असती, तर बाळू शेवटच्या पानावर जिवंत असता."

तिने कादंबरी मिटून टेबलावर ठेवली.

"मला यातली एकच जागा आवडली. एकदा बाळू पडतो, तेव्हा त्याची बहीण सगळ्यांना खोलीबाहेर घालवते आणि तो उठायच्या आत त्याचा सदरा नीट करते. तिथं मी रडले. बाकी कुठं नाही."

आणि मग तिने दप्तर उघडलं. एक पिशवी सोडली, दुसरी सोडली, कागद काढला आणि मला टेबलावर ठेवलं. अगदी त्या कादंबरीच्या शेजारी.

"तनुजा!" सत्यभामा मॅडम ताडकन उठल्या. "उचल आधी ती! पुस्तकाजवळ चप्पल? समोर सरस्वतीचा फोटो आहे, कळत नाही तुला?" त्यांनी झडप घालून पुस्तक उचललं, कपाळाला लावलं, पुन्हा लावलं.

तनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, पुस्तकाला चप्पल लागली की विद्येचा अपमान होतो. माझ्या तोंडाला लावली, तेव्हा कुणाचा झाला?"

मॅडमचा हात कपाळापाशीच राहिला. नाक धरणारी मागची पोरं खाली बघू लागली. खेळाचे सर दाराशी उभे होते, ते बाहेर गेले.

शेवटच्या रांगेतून आबा उठले. खुर्च्या सारत पुढे आले. माझ्याकडे बघितलं, नातीकडे बघितलं.

"बाई, इतक्या दिसांत मला काहून नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं, आबा. तुम्ही म्हणले, हळू बोल, लोक ऐकतेत."

आबांनी मला टेबलावरून उचललं, खाली जमिनीवर टाकलं आणि उजवा पाय माझ्यात सरकवला. किती काळाने! मी करकरले. म्हाताऱ्याचा तो ओळखीचा तळवा मला लागला, आणि काय सांगू, एवढा राग भरलेला असूनही मला रडू आलं.

"चल," ते म्हणाले. "दवाखाना उघडा आसंल आता."

दारात त्यांनी डाव्या पायात निळी सपात घातली, उजवी काखोटीला मारली. एका पायात कातड्याची वहाण, दुसऱ्यात रबरी सपात. फाटकाशी उभी असलेली पोरं बघून खिदळू लागली.

"आबा, हसायलेत."

"हसू दे. त्यांला हसायचंच आसंल तर माझ्या पायाकडं बघून हसू दे."

तसेच ते भर रस्त्याने गारखेड्याच्या दवाखान्यापर्यंत गेले, नातीचा हात धरून. डॉक्टर रागावले, आबांनी ऐकून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता औषधाच्या दुकानात करुणा स्वतः जाते आणि गोळीचं नाव मोठ्याने सांगते. पलंगाखालून माझी बहीण बाहेर आली, तिला तेल मिळालं, आणि आम्ही दोघी पुन्हा आबांच्या पायात आहोत.

मधे एकदा घरी तनुजाला झटका आला. शेजारच्या बाई धावत आल्या, "चप्पल आणा!" म्हणू लागल्या. आबांनी त्यांना हाताने थांबवलं. उपरण्याची घडी करून पोरीच्या डोक्याखाली ठेवली, तिला हळूच कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही आणि घड्याळाकडे नजर ठेवून बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना गाठायचा. त्याच्या आतच थांबलं. मग आबांनी दार लोटून घेतलं, आणि ती जागी व्हायच्या आत तिच्या कुर्त्याची सुरकुती नीट केली. मी त्यांच्या पायातच होते.

पायीची वहाण पायीच बरी, अशी एक म्हण आहे. ती माणसांनी माणसांना हिणवायला वापरली, म्हणून मला तिचा संताप येतो. पण माझ्यापुरती ती खरी आहे, मित्रांनो. उद्या तुमच्यासमोर कुणी असं कोसळलं, तर मला शोधायला धावू नका. तुमचा हात रिकामा असतो. तो त्याच्या डोक्याखाली ठेवा.