मूळ धरेपर्यंत

मिस्त्रींनी बाही कोपराच्या वर सारली, माशांच्या टाकीत हात घातला आणि मधलं झाड उपटून बाहेर काढलं. मुळांची वाळू गळाली, पाणी गढूळ झालं, मासे घाबरून कोपऱ्यात जाऊन थांबले. मिस्त्रींनी झाड खिडकीच्या उजेडात धरलं. पानं कालच्यापेक्षा जास्त सडली होती. एक तर बोट लागताच हातात आलं.

“काय म्हणतंय?” पलंगावरून बायकोनं विचारलं.

“काय म्हणणार. मरतंय.”

“मग ठेवा खाली. मरायला तरी निवांत मिळू दे त्याला.”

तिच्या जिभेची धार तेवढी शाबूत होती. बाकी ती सगळी आटली होती. पोटातल्या दुखण्यानं तिची अशी दशा केली होती, की तिच्या डोक्याचा भार उशीलाही कळत नसेल.

टाकी मुळात तिची. बाहेरच्या खोलीत ती वर्षानुवर्षं हिरवीगार असायची आणि मिस्त्री येताजाता चिडवायचे, की या घरात नवऱ्यापेक्षा माशांचे लाड जास्त. मग ती आजारी पडली, हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि टाकीकडे बघायला कुणी उरलं नाही. झाडं कुजून गेली, मासे कसेबसे तगले. शेवटी डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, फार दिवस नाहीत, आरामात राहू द्या. मिस्त्रींनी मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. दुसरे डॉक्टर गाठले, मग तिसरे. प्रत्येकानं नव्या सुया टोचल्या, नव्या तपासण्या केल्या, आणि प्रत्येक फेरीनंतर ती आणखी खंगली.

त्याच दिवसांत त्यांनी टाकी तिच्या पलंगासमोर आणून ठेवली आणि नवी झाडं लावली. ही झाडं जगली तर ती जगेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कुणाला बोलले नव्हते, बोलण्यासारखं नव्हतंच ते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मिस्त्रींची काडी पाण्यातच होती, आणि तीही सडत चालली होती.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? उजेड कमी पडतोय म्हणून दिवसभर दिवा लावला, तर काचेवर शेवाळ धरलं. खत कमी पडतंय म्हणून मुळाशी दुप्पट गोळ्या पुरल्या, तर शेवाळ झाडांवरही चढलं. आणि रोज दुपारी, तिचं औषध झालं की, एकेक झाड उपटून मुळं फुटली का ते बघायचं. सगळी हयात गॅरेजमध्ये गेलेला माणूस. उघडून बघितल्याशिवाय बिघाड कळत नाही, एवढी एकच गोष्ट ते खात्रीनं शिकले होते.

“अहो, किती वेळा सांगायचं?” ती म्हणाली. “ही झाडं पाण्याबाहेर वाढवून विकतात. पाण्यात आली की जुनी पानं जाणारच. ती कापून टाकायची, दिवा थोडाच वेळ लावायचा आणि गप्प बसायचं. मूळ धरलं की पाण्यातली पानं आपसूक फुटतात.”

“आणि नाही धरलं तर?”

“तर नाही.”

“पण बघितल्याशिवाय कळणार कसं?”

“तुम्ही बघता म्हणून तर धरत नाही.”

मिस्त्रींनी चष्मा वर सरकवला आणि झाड डोळ्यांपाशी नेलं. जाड, काळपट मुळांच्या मधून पांढऱ्या, केसाएवढ्या बारीक मुळ्या फुटलेल्या होत्या. सगळ्यांची टोकं तुटलेली होती. हे आपलंच काम, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“किती दिवस लागतात?” त्यांनी विचारलं.

“दीड महिना तरी.”

डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत दीड महिना बसत नव्हता. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही टाकीकडेच बघत राहिले.

मग तिनं सांगितलं तसं मिस्त्रींनी केलं. कात्रीनं सडकी पानं कापली, झाडं एकेक करून वाळूत बसवली, वरून खडे लावले, दिवा बंद केला. झाडं कसली, नुसते बुंधेच उरले होते. तेवढ्यानंही त्यांना हुशारी आली.

“उद्या सकाळी लवकर निघायचं,” हात पुसत ते म्हणाले. “व्हॅनवाल्याला सांगून ठेवलंय. हे नवे सर्जन मोठे आहेत. म्हणाले, पोट एकदा परत उघडून बघू.”



“व्हॅन नको,” ती म्हणाली.

“अगं, सांगून झालंय त्याला.”

“मग नको म्हणून सांगा.”

“असं कसं? उघडून बघितल्याशिवाय...”

ते तिथेच थांबले. ती त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मिस्त्री भांडले असते.

त्यांनी फोन उचलला. व्हॅनवाल्यानं पहिल्याच रिंगला घेतला.

“उद्या येऊ नकोस रे.”

“बरं मिस्त्री. मग परवा येऊ?”

“परवाही नको,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

“काही हवंय का?” त्यांनी तिला विचारलं. “उशी सारखी करू? पाणी देऊ?”

“काही करू नका. इथे बसा.”

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.