वामनरावांच्या मोटारीतला पट्टा

ती गाडी जानराव मिस्त्रीने स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती, म्हणूनच भर घाटात ती अडली तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. दुसऱ्या कुणी केली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

गाडी दवाखान्याची. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. त्याच्याही कितीतरी आधी बनलेली ही अमेरिकन व्हॅन कुण्या परदेशी संस्थेने बुलढाण्याला दान दिली होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. दानशूरांनी गाडी दिली, सुट्या भागांची आठवण मात्र त्यांना राहिली नाही. पुढचा गिअर सुटायला लागला तेव्हा जानरावाने खामगाव पालथं घातलं, अकोला पालथं घातलं; असा गिअरबॉक्स कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता.

शेवटी अमडापूरच्या वामनरावांच्या गोठ्यात एक बंद पडलेली अमेरिकन मोटार सापडली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. जानराव खाली शिरला आणि हरखला. गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं अगदी व्हॅनसारखं, बोल्टही तितकेच. आत तसाच ढोल आणि ढोलाला आवळून धरणारा तसाच पोलादी पट्टा. तो ढोल घट्ट धरतो तेव्हाच गाडी पुढे ओढली जाते. जानरावाने पट्टा काढून आणला आणि व्हॅनच्या जुन्या पट्ट्यावर ठेवून पाहिला. आमच्या भागातल्या मिस्त्र्यांचं मोजमाप हेच, नवं जुन्यावर ठेवायचं. नखाचाही फरक निघाला नाही. चिखलीच्या सपाट रस्त्यावर गाडी सुरेख पळाली आणि जानरावाने मिशीला पीळ दिला.

त्याच आठवड्यात रोहिणखेडहून निरोप आला. जानरावाची बायको चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मूल आडवं आलं होतं, सुईणीने हात टेकले होते. व्हॅन राजूर घाट उतरून गेली, चांगुणेला आत निजवलं, आणि भर दुपारी परत घाट चढू लागली. ड्रायव्हर कारभारी, शेजारी जानराव, मागे चांगुणेजवळ नर्स पुष्पाबाई.

दोन वळणं नीट गेली. तिसऱ्यावर इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलेना. जळक्या तेलाचा वास सुटला. गाडी मागे घसरू लागली तसा कारभारीने ब्रेकवर पाय रोवला. जानरावाने उडी टाकून मागच्या चाकांना धोंडे लावले. चार हातांवर दरी होती.

"मिस्त्री," पुष्पाबाई आतून म्हणाल्या, "आता उशीर झाला तर मायलेकरं दोन्ही जातील. मी माझ्याकडून सांगितलं."

तेव्हाच जानरावाला आपली चूक कळली. जुना पट्टा झिजला म्हणूनच तर काढला होता! झिजलेल्या पट्ट्याशी नखाचाही फरक न पडणारा पट्टा झिजलेलाच असणार. एवढी साधी गोष्ट, पण तंतोतंत जुळल्याच्या आनंदात त्याला सुचली नव्हती.

पट्टा आवळायचा स्क्रू गिअरबॉक्सच्या बाहेर होता. कमी आवळला तर सुटणार, जास्त आवळला तर तुटणार.

"कारभारीभाऊ, पाय काढू नको."

"पाय लटलट कापून राह्यला बे माहा. लवकर कर!"

तो पाठीवर गाडीखाली सरकला. गरम तेल मनगटावर ठिबकत होतं. वर लाकडी फळी, फळीवर चांगुणा. तिचं कण्हणं थेट त्याच्या तोंडावर येत होतं. पान्हा लावला तशी गाडी जराशी मागे बसली आणि धोंडा करकरला. ही गाडी आपल्यावरून गेली तर तिच्यासकट दरीत जाईल, हे त्याला लख्ख दिसत होतं. त्याने डोळे मिटून स्क्रू आवळला. हाताने पुरे म्हटलं, तरी आणखी थोडा आवळला.

बाहेर येऊन तो खिडकीशी गेला. "एकदा पट्ट्यानं धरलं का थांबू नको. थांबली तर पुन्हा धरंल याचा भरोसा नाही. मले घ्याले बी थांबू नको."

"आन् तू?"

"म्या मागून ढकलतो. तू चाल!"

त्याने खांदा लावला. इंजिन गुरगुरलं, गाडीने हिसका दिला आणि त्याच्या खांद्यावरून सुटून वर निघाली. आतून चांगुणेची हाक आली. तो रस्त्यातच उभा राहिला.

वळणाआड गाडी दिसेनाशी झाली, उरला आवाज. आवाज चढतोय तोवर पट्टा टिकलाय. मग आवाजही बंद झाला. माथ्यावर पोचली, की थांबली? जानराव पळत सुटला. प्रत्येक वळणाआधी तो थबकायचा, कारण पलीकडे गाडी उभी दिसली तर तिच्यात डोकावायची हिंमत त्याच्यात नव्हती. आणि मोडलेला कठडा दिसला तर? पण प्रत्येक वळणापलीकडे नुसता मोकळा रस्ता होता.

गाडी पोचली होती. पोट फाडून मूल काढलं, मुलगी झाली, चांगुणा वाचली.

दुसऱ्या दिवशी त्याला आत सोडलं. चांगुणेने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी वरडत होती. तुमी चढले काऊन नाही?"

"गाडी थांबली असती, चांगुणा."

"त्या बाई म्हणे, दोघंबी मरतीन. मले वाटलं, ते आयकूनच तुमी उतरले."

पट्ट्याचं, स्क्रूचं, सगळं त्याला सांगता आलं असतं; पण आवळलेल्या पट्ट्यावर त्याचाच भरवसा नव्हता. त्या गाडीत तो नव्हता आणि ती होती, एवढं तर खरंच होतं.

"पान्हा फिरवला तवा म्या डोये मिटले होते," तो म्हणाला. "मले लई भेव वाटलं, चांगुणा."

पोरगी चांगुणेने त्याच्या हातात दिली नाही. नुसता पदर सारून तिचं तोंड त्याला दाखवलं.